जिन्यावरची काचनळी : रॉबर्ट बॉइल

इंदूर शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. तेथील अकरावीच्या विद्यार्थ्याने वायूचा दाब आणि आकारमान यांचा प्रयोग मांडला, की वातावरणाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७१ सेंटीमीटर भरतो. पणजीच्या विद्यार्थ्याला तोच ७६ च्या आसपास मिळतो. सुरुवातीचे आकडे वेगळे, आलेखाचे वळण मात्र एकच. नळीत कोंडलेल्या हवेवरचा दाब दुप्पट झाला, की तिचे आकारमान निम्मे होते. ज्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्या रॉबर्ट बॉइल यांचे चरित्र प्रयोगवहीत एका ओळीपलीकडे सहसा जात नाही.

बॉइल यांचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडमधील लिस्मोरच्या गढीत झाला. वडील कॉर्कचे पहिले अर्ल, त्या काळच्या अतिश्रीमंतांपैकी एक. रॉबर्ट हे त्यांचे चौदावे अपत्य. आई लहानपणीच गेली. प्रकृती नाजूक, बोलताना जीभ अडखळे. आठव्या वर्षी ईटनच्या शाळेत आणि पुढे शिक्षकासोबत युरोपच्या प्रवासाला त्यांची रवानगी झाली. १६४२ च्या जानेवारीत गॅलिलिओ यांचे निधन झाले, तेव्हा हा चौदा वर्षांचा मुलगा फ्लॉरेन्समध्येच होता आणि त्यांचे ग्रंथ अभ्यासत होता. वडिलांच्या मृत्यूनंतर आयर्लंडच्या जमिनींचे उत्पन्न वाट्याला आले आणि पोटापाण्याची चिंता आयुष्यभर उरली नाही. बॉइल यांच्या विज्ञानाचा खर्च त्या जमिनींनी उचलला, हे विसरता येत नाही.

१६५० च्या दशकाच्या मध्यास ते ऑक्सफर्डला आले. जर्मनीत ओटो फॉन गेरिके यांनी हवा उपसणारा पंप केल्याची वार्ता त्यांच्या कानी आली होती. तसा, किंबहुना त्याहून सोयीचा पंप त्यांना हवा होता. तो १६५९ मध्ये सिद्ध झाला, रॉबर्ट हुक या विशीतल्या विद्यार्थ्याच्या हातून. क्राइस्ट चर्च महाविद्यालयात शिकणारे, परिस्थितीने बेताचे हुक बॉइल यांच्याकडे पगारी मदतनीस होते. पंपावरचे प्रयोग १६६० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हवेला स्प्रिंगसारखा उसळीचा गुण आहे, हा त्याचा गाभा.

लिएज येथील इंग्रज जेझुइट प्राध्यापक फ्रान्सिस लायनस यांना हे पटले नाही. हवेला थोडीफार उसळी असेल, पण २९ इंच उंचीचा पारा तोलून धरण्याइतकी ती समर्थ नाही. पारा एका अदृश्य तंतूने वर ओढला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आक्षेप पोरकट नव्हता. त्याला शब्दांनी उत्तर देणे सोपे होते. बॉइल यांनी नळी आणली.

इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली ही काचनळी. आखूड भुजा वरून बंद, लांब भुजा उघडी. ती इतकी उंच, की खोलीत मावेना. म्हणून जिन्यावर उभी केली. वर उभा असलेला माणूस थोडा थोडा पारा ओतत असे आणि खालचा माणूस आखूड भुजेतली हवा किती आकसली ते पाहत असे. आधीची एक नळी फुटली होती, म्हणून पारा वाया जाऊ नये यासाठी बुडाशी लाकडी पेटी ठेवली होती. बंद भुजेतील हवा प्रारंभी ४८ भाग, दाब २९ पूर्णांक एक अष्टमांश इंच. हवा २४ भागांवर आली तेव्हा दाब झाला ५८ पूर्णांक १३ षोडशांश इंच. नियमाप्रमाणे ५८ पूर्णांक एक चतुर्थांश हवा होता. लायनस यांना अशक्य वाटलेला भार आकसलेली हवा पेलत होती.

अर्ध्या इंचाहून अधिक असलेला हा फरक बॉइल यांनी झाकला नाही. १६६२ मध्ये छापलेल्या कोष्टकात मोजलेला आकडा आणि अपेक्षित आकडा शेजारी शेजारी आहेत. उत्तर आधी लिहून नोंदी मागाहून भरणाऱ्या आजच्या प्रयोगवह्यांना हे कोष्टक अवश्य दाखवावे.

नियमाची कल्पनाही आपली नव्हे, ती रिचर्ड टाउनली यांची, हे त्यांनी स्वतःच नमूद केले. लँकेशायरचे टाउनली आणि वैद्य हेन्री पॉवर यांनी १६६१ मध्ये पेंडल टेकडीवर पाऱ्याची नळी नेऊन, वर गेल्यावर कोंडलेली हवा कशी फुगते ते पाहिले होते. ही टेकडी ५५७ मीटरची, म्हणजे जवळपास इंदूरच्याच उंचीची. हुक यांच्या मोजमापांचाही उल्लेख बॉइल यांनी केला आहे. नाव मात्र एकट्या बॉइल यांचे राहिले. फ्रान्समध्ये ते मारियोत यांना दिले जाते, ज्यांचे लेखन १६७० च्या दशकातले आहे.

गोमंतकीय वाचकाला त्या सालांत आणखी एक ओळखीची गोष्ट दिसेल. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि गोव्याचे व्हाइसरॉय ती सोडायला राजी नव्हते. १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. पुढे काही वर्षे बॉइल याच कंपनीच्या कारभारी मंडळावर होते. त्यांची आस्था व्यापारापेक्षा धर्मप्रसाराकडे अधिक होती. मलय भाषेतील शुभवर्तमानाच्या छपाईचा भार त्यांनी उचलला.

१६६८ पासून ते लंडनला बहीण कॅथरीन यांच्या घरी राहिले. विवाह केला नाही. १६७० मध्ये अर्धांगाचा झटका आला, तरी प्रयोग सुटले नाहीत. १६८० मध्ये रॉयल सोसायटीने अध्यक्षपद देऊ केले. शपथ घेणे सदसद्विवेकाला मानवेना, म्हणून त्यांनी ते नाकारले. १६९१ च्या डिसेंबरात कॅथरीन वारल्या आणि आठवड्याभरात, ३१ डिसेंबरला, बॉइलही गेले. सेंट मार्टिन इन द फील्ड्स या चर्चमध्ये त्यांना पुरले. पुढच्या शतकात ते चर्च पाडून नवे बांधण्यात आले आणि थडग्याची जागा हरवली.