काडेपेटी ते आगगाडी

सबमिशन संपलं की हॉस्टेलमधला एखादा तरी ग्रुप माथेरानला जातोच. शार्लोट लेक, वन ट्री हिल, इको पॉइंट असे फोटो येतात आणि त्यात एक फोटो ठरलेला असतो, मिनी ट्रेनसमोर दात काढून उभं राहिलेला. ही गाडी कोणी बांधली असं विचारलं तर बहुतेक जण इंग्रजांनी असं सांगून मोकळे होतात. मित्रहो, इंग्रजांनी नाही. लहानपणी मुंबईच्या रस्त्यावर काडेपेट्या विकणाऱ्या एका माणसाच्या पैशातून ती उभी राहिली. त्यांचं नाव सर आदमजी पीरभॉय.

त्यांच्याकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊ. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेला आणि साहेब लोकांना उन्हाळ्यात हवा खायला जागा सापडली. (डोंगरावर आधीपासून राहणाऱ्यांना तो डोंगर अर्थातच माहीत होता, पण शोध लावल्याचं श्रेय साहेबाला!) 1856 मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे झाली आणि नेरळला गाडी येऊ लागली. अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा हाच तो मार्ग. माझं घर अंबरनाथला बुवापाड्यात, त्यामुळे कर्जत लोकल, वांगणी, शेलू आणि मग नेरळ हे आमचं पाठ.

मुंबई ते नेरळ हा प्रवास असा सोपा झाला, पण पुढे काय? नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे 40 मीटरवर आणि माथेरान 800 मीटरवर. घोडा, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. पैसेवाले पहिले दोन पर्याय घ्यायचे, बाकीचे तिसरा. माथ्यावर बंगले झाले, हॉटेलं झाली, गर्दी वाढली, पण पायथ्याला आलेली रेल्वे पायथ्यालाच थांबली. थोडीथोडकी नाही, तब्बल 51 वर्षं.

आता आदमजी. त्यांचा जन्म 1846 चा. काठेवाडातलं गरीब दाऊदी बोहरा कुटुंब पोटासाठी मुंबईत आलं. शाळा वगैरे फारशी नाहीच. वयाच्या तेराव्या वर्षी हा मुलगा काडेपेट्या विकत फिरत होता. तिथून त्यांनी हळूहळू लष्कराची कंत्राटं मिळवली. लष्कराला तंबू लागतात, बूट लागतात, चामड्याच्या वस्तू लागतात, आणि हे सगळं वेळेवर आणि हजारोंनी लागतं. आदमजींनी ते पुरवलं. 1887 मध्ये त्यांनी धारावीत चामडं कमावण्याचा मोठा कारखाना काढला. आज धारावीचा चामड्याचा धंदा जगभर माहीत आहे, त्याच्या मुळाशी असलेल्या जुन्या कारखान्यांपैकी हा एक. पुढे कापड गिरणीही आली. चर्नी रोडला त्यांनी सॅनिटोरियम बांधलं. 1897 मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. म्हणजे वयाच्या पन्नाशीत या माणसाला मिळवायचं असं काही उरलं नव्हतं.

आणि इथे ती प्रसिद्ध गोष्ट येते. आदमजी एकदा माथेरानला जायला म्हणून नेरळला उतरले. त्या दिवशी ना घोडा मिळाला ना पालखी, आणि त्यांना तसंच परत फिरावं लागलं. तेव्हाच त्यांनी ठरवलं, इथे रेल्वे आणायची. माथेरानमध्ये ही गोष्ट सगळेच सांगतात. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. पण मला तिच्यातली एक गंमत वाटते. श्रीमंत माणसाला घोडा मिळाला नाही तर तो पुढच्या वेळी आधी निरोप पाठवून घोडा राखून ठेवतो. फार तर स्वतःचा घोडा घेतो. सगळ्यांसाठी रेल्वे बांधायची असं कोणाच्या डोक्यात येतं? ज्याने लहानपणी उन्हात पायपीट केली आहे त्याच्याच, असं आपलं माझं मत.

1900 मध्ये योजना आखली गेली, 1904 मध्ये काम सुरू झालं. पैसा आदमजींचा, पण प्रत्यक्ष डोंगरात उभे राहिले त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन. सल्लागार म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप होते. हे नाव लक्षात ठेवा, कारण आपल्या बार्शी लाइट रेल्वेमागचा इंजिनियर हाच. बार्शीची गाडी अडीच फुटी, माथेरानची दोन फुटी. रूळ जितके जवळ तितकं वळण आवळून घेता येतं आणि डोंगर कमी फोडावा लागतो, हे साधं गणित.

दुसरं गणित चढाचं. सिव्हिलवाल्यांनी कागद-पेन घ्यावं. या मार्गाचा जास्तीत जास्त चढ 1:20 आहे, म्हणजे 20 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. साध्या रेल्वेच्या मानाने हा चढ भयंकर आहे. चढायचं आहे सुमारे 760 मीटर. म्हणजे कुठेही न थांबता, सलग याच चढाने गेलं तरी 15 किलोमीटरच्या वर रूळ हवेत. नेरळ ते माथेरान सरळ रेषेत मोजलं तर याच्या निम्मंही भरत नाही. मग उरलेली लांबी आणायची कुठून? डोंगराला वळसे घालून. घोड्याच्या नालेसारखी वळणं घेत, कड्याच्या काठाकाठाने ती लांबी मिळवली आहे. एकूण मार्ग सुमारे 20 किलोमीटर, आणि बोगदा फक्त एक, तोही एवढासा. त्याचं वन किस टनेल हे नाव कॉलेजच्या पोरांना वेगळं सांगायला नको. त्याच काळात निलगिरीच्या गाडीला चढासाठी मधोमध दातेरी रूळ बसवावा लागला. इथे चाक आणि रूळ यांच्या घर्षणावरच सगळं भागवलं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी यापुढची मजा. इतक्या आवळ वळणावर सहा चाकांचं वाफेचं इंजिन चालणार कसं? तिन्ही आस एकमेकांना समांतर पक्के असतील तर वळणावर चाकं रुळाला घासणार, अडकणार, उतरणार. जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीने दिलेल्या इंजिनांत यावर क्लीन-लिंडनर आस वापरले होते. पुढच्या आणि मागच्या जोडीची चाकं एका पोकळ नळीवर बसवलेली, आणि नळीच्या आत खरा भरीव आस. आतला आस चौकटीत सरळ राहून फिरतो, मधोमध गोलाकार सांधा असतो, आणि बाहेरची नळी चाकांसकट वळणाप्रमाणे थोडी तिरकी होते. म्हणजे चाकांना ताकदही मिळते आणि ती वळतातही. अशी 4 इंजिनं आली आणि वाफेची सेवा 1982 पर्यंत चालली. वायवाला विचारलं तर सांगा, मार्क मिळाले तर मला चहा पाजा.

22 मार्च 1907 रोजी गाडी सुरू झाली. खर्च 16 लाख रुपये, तोही त्या काळातले. आणि धंदा म्हणून बघाल तर हा व्यवहार मुळीच शहाणपणाचा दिसत नाही. प्रवासी कोण, तर सुट्टीला येणारे. पावसाळ्यात गाडी बंद. लष्कराला बूट पुरवून हिशेब शिकलेल्या माणसाला हे कळत नसेल असं नाही. कळूनही त्याने पैसा घातला.

सगळ्यांनाच या गाडीची ओढ असेल असंही मला वाटत नाही. पन्नास वर्षं पालख्या वाहणाऱ्या भोयांना आणि घोडेवाल्यांना ती शिटी ऐकून काय वाटलं असेल? घोडे मात्र टिकले. माथेरानमध्ये आजही घोडेवाले आहेत.

त्याच 1907 मध्ये आदमजींना सर हा किताब मिळाला. वर्षाअखेरीस कराचीत भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. ऑगस्ट 1913 मध्ये ते वारले. म्हणजे आपल्या गाडीचे त्यांना जेमतेम सात उन्हाळे मिळाले. स्वातंत्र्यानंतर गाडी मध्य रेल्वेत गेली. श्रेयाचं म्हणाल तर कोणी बापाचं नाव घेतं, कोणी मुलाचं. मला विचाराल तर पैसा देणारा एकदाच सही करतो, कड्यावर रूळ टाकणाऱ्याला तीन वर्षं रोज उभं राहावं लागतं. अब्दुल हुसेन यांचं नाव आधी घ्यायला हरकत नाही.

वाट पाहणं मात्र 1907 ला संपलं नाही. 26 जुलै 2005 च्या पावसात मार्ग जागोजागी वाहून गेला, गाडी परत आली ती 2007 मध्ये, नेमकी शंभरीला. मे 2016 मध्ये डबे घसरले आणि गाडी पुन्हा बंद. पूर्ण मार्ग सुरू व्हायला 2018 उजाडलं. 2019 च्या पावसाने परत तेच केलं. तेव्हा मी शाळेत होतो. आजीचे गुडघे गेलेले, आणि तिला एकदा नेरळपासून गाडीत बसून वर जायचं होतं. अमन लॉज ते माथेरान शटल त्याच डिसेंबरात सुरू झाली, पण आजीला ती नको होती. अर्ध्यातून बसणं म्हणजे लग्नाला जाऊन फक्त बडीशेप खाणं, असं तिचं म्हणणं. बाबा कर्जतकडे कामाला जायचे, त्यांना ती दर महिन्याला चौकशी करायला लावायची. 22 ऑक्टोबर 2022 ला नेरळहून गाडी सुटली. आम्ही डिसेंबरमध्ये गेलो. जुम्मापट्टी गेल्यावर एका वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून समोर दिसतं, ते बघून आजी पूर्ण दोन मिनिटं गप्प बसली. आमच्या घरात हा विक्रम आहे.

कोणाला जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात, साधारण 15 जून ते 15 ऑक्टोबर, नेरळहून गाडी सुटत नाही, वर फक्त अमन लॉजची शटल चालते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचा बेत करा, आणि निघण्याआधी नेरळ स्टेशनवर चौकशी करा.