दर्याचा पहारेकरी : सरखेल कान्होजी आंग्रे

आपण परभणीकर तसे समुद्राला पारखेच! आपलं पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी, नाहीतर येलदरीचं धरण. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या निमित्ताने आम्ही अलिबागला गेलो, तेव्हा निम्म्या वर्गाने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात गेलो आणि तटाजवळ सिव्हिलवाले थबकले. एवढे मोठमोठे दगड, पण मध्ये चुनाच नाही! लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि लाटेचा जोर तिथेच मरतो. या किल्ल्यावरून कोकणचा दर्या राखणाऱ्या माणसाची समाधी अलिबाग गावातच आहे. सरखेल कान्होजी आंग्रे. पाठ्यपुस्तकात त्यांना जेमतेम एक परिच्छेद मिळतो, म्हणून हा लेख.

आंग्रे मूळचे संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडलं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा, आणि बालपण गेलं हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात. सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार फितूर होऊ लागला तेव्हा तरुण कान्होजींनी त्यालाच कैद करून किल्ला लढवला, असं सांगतात. पुढे १६९८ साली, राजाराम महाराजांच्या काळात, ते सरखेल म्हणजे आरमाराचे प्रमुख झाले. वय तीसच्या आत!

आता मेकॅनिकलवाल्यांच्या कामाचं. कान्होजींची जहाजं इंग्रजांच्या जहाजांपुढे लहानच होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण ३०० टनांपर्यंत. गलबत तर ७० टनांच्या आतलं. खोल दर्यात समोरासमोर तोफांची लढाई झाली असती तर निकाल उघड होता. पण कान्होजींनी ती लढाई करायचीच टाळली. गुराबेचा तळ उथळ, त्यामुळे ती खाडीत शिरे, आणि मोठं जहाज मागे लागलं तर त्याचा तळ गाळात रुतायची भीती. गुराबेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, सरळ समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज जागच्या जागी डुलत राही. अशा वेळी गलबतं वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना ओढत त्याच्या मागच्या बाजूला आणत. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, पाठीमागे फारच थोड्या! मग पहिला मारा शिडांवर आणि डोलकाठ्यांवर. जहाज पांगळं झालं की माणसं वर चढत. ताकद कमी असेल तर जागा आणि वेळ आपण निवडायची, इतकं साधं गणित.

पण लढाई हे रोजचं काम नव्हतं. रोजचं काम होतं गस्त. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचं आणि त्याचे पैसे भरायचे. दस्तक असेल तर बिनघोर जा. नसेल तर जहाज जप्त. इंग्रजांना हे झोंबलं. आपल्या जहाजांना, आणि आपला परवाना घेतलेल्या देशी व्यापाऱ्यांनाही, कोणी अडवू नये असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कान्होजींना सरळ चाचा ठरवलं, आणि परदेशी पुस्तकांत ते नाव अजून चिकटून आहे. गंमत बघा, पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचा असाच परवाना आपल्या जहाजांच्या माथी मारत होते. ते मारत होते तेव्हा तो कायदा होता आणि कान्होजींनी घेतला की चाचेगिरी!

हा वाद जुना झाला असं समजू नका. आज तो पार उत्तर ध्रुवाजवळ चालू आहे. बर्फ वितळू लागल्यापासून कॅनडाच्या उत्तरेकडचा सागरी मार्ग जहाजांना खुणावतोय. कॅनडा म्हणतो हे आमचं घरचं पाणी. अमेरिका म्हणते हा सर्वांना खुला मार्ग. कॅनडाने तिथल्या गस्तीसाठी हॅरी डिवुल्फ वर्गाची जहाजं बांधली, त्यातलं पहिलं २०२१ साली नौदलात आलं. लांबी १०३ मीटर, वेग फक्त १७ नॉट, तोफ अवघी २५ मिलिमीटरची. युद्धनौका म्हणून पाहिलं तर हसू येईल. पण ते सुमारे एक मीटर जाडीचा बर्फ फोडत पुढे जातं, जिथे भल्याभल्या विनाशिका फिरकू शकत नाहीत. कोण येतंय, कोण जातंय, कोण अडचणीत आहे हे बघायला तिथे हजर असणं, हेच त्याचं मुख्य काम. कान्होजींना खाडीचा उथळपणा होता, यांना बर्फ आहे. जहाज पाण्याला साजेसं हवं, हा हिशेब दोन्हीकडे एकच.

असो. कान्होजी काही संत नव्हते, हेही सांगायला हवं. १७१२ साली त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरचं खासगी जहाज पकडलं. त्यात कारवार वखारीचा प्रमुख मारला गेला, आणि त्याच्या तरुण विधवेला तीस हजार रुपये घेऊनच सोडलं. राजकारणातही ते पक्के होते. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या भांडणात ते आधी ताराबाईंच्या बाजूचे. चालून आलेल्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, त्यांनी कैदच केलं. नंतर बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले, आणि तलवार न काढता कान्होजी शाहूंचे सरखेल झाले. मला वाटतं, मराठी दौलतीचा सगळ्यात स्वस्तात पडलेला विजय हाच असेल.

त्यानंतर इंग्रजांनी एकामागून एक मोहिमा काढल्या. १७१७ ला विजयदुर्ग, १७१८ ला खांदेरी... दोन्हीकडून हात हलवत परत. १७२० साली त्यांनी विजयदुर्गासाठी खास तरंगता तोफखाना बांधला, जाड लाकडी भिंतींचा. पण तोफांची भोकं इतकी खाली ठेवली की तोफेचं तोंड पुरेसं वर उचलताच येईना, आणि गोळे अलीकडेच पाण्यात पडले! डिझाइन न तपासता प्रोजेक्ट सबमिट करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. मदतीला मराठी घोडदळ आलं, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज मुंबईला परतले. पुढे डचांनीही विजयदुर्गावर हात पोळून घेतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. खांदेरी बेटाला आज त्यांचं नाव आहे, नौदलाचा मुंबईतला तळ आय.एन.एस. आंग्रे म्हणून ओळखला जातो, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. आरमाराचं नशीब मात्र असं नव्हतं. थोरले सेखोजी १७३३ ला वारले आणि बाकीच्या भावांत फूट पडली. विजयदुर्ग तुळाजींकडे आला, त्यांचं पेशव्यांशी बिनसलं, आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमार विजयदुर्गापुढे उभं राहिलं. त्यांचा एक गोळा आंग्र्यांच्या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेलं होतं. त्याने पेट घेतला, आग शेजारच्या गुराबांवर गेली, आणि खाडीत नांगरलेलं सगळं आरमार जळून गेलं.