पंडिता रमाबाई : परदेशी शिकलेली विद्यार्थिनी

खेड्यातील कोणी मुलगा शिकावयास दूर जाऊन परत आला, म्हणजे शेजारीपाजारी त्यास विचारितात की, तू तिकडून काय आणलेस? पुण्याहून विद्येसाठी विलायतेस गेलेल्या पंडिता रमाबाईंविषयी आम्हीही हाच प्रश्न मनात धरून त्यांची हकीकत वाचकांस सांगतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या मातेने मुलीस. पुढे दुष्काळात आईबाप गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंस ‘पंडिता’ ही पदवी दिली. १८८२ साली त्या विधवा झाल्या, आणि तान्ही मनोरमा कडेवर घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. आजारी स्त्रिया पुरुष वैद्याजवळ दुखणे सांगण्यास लाजतात व फुकट मरतात, हे त्यांस ठाऊक होते. म्हणून आपण डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्यांनी प्रवासखर्चास पैसा उभा केला, आणि १८८३ साली मुलीसह इंग्लंड गाठले.

वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला. परंतु त्यांस ऐकू कमी येई, त्यामुळे वैद्यकीची वाट बंद झाली. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेले. तरी त्यांनी शिकणे सोडले नाही. लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांस त्या भगिनी ममतेने सांभाळीत, हे पाहून त्या चकित झाल्या. याचे कारण विचारता त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या गणित व शास्त्रे शिकत आणि संस्कृत शिकवीत. देशी पोशाख व शाकाहार त्यांनी टाकला नाही. त्यांनी पुरुषांस शिकवू नये असे काही धर्माधिकाऱ्यांचे मत पडले, तेव्हा तेही त्यांनी मुकाट्याने मानले नाही. गुरूंचा आदर त्यांनी राखला, पण आपली विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभास रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि सुमारे तीन वर्षे तेथे फिरल्या. फिलाडेल्फियात त्यांनी बालशिक्षणाची पद्धत अभ्यासिली. जे पाहिले ते १८८९ साली मराठीत पुस्तकरूपाने छापिले. त्यात स्त्रियांच्या शाळा व मंडळ्या यांची वाखाणणी आहे. तसेच काळ्या लोकांवर व तेथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही त्यांनी झाकून ठेविला नाही.

मग त्यांनी काय आणिले? ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले, व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ह्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. रमाबाई १९२२ साली केडगाव येथे वारल्या. परक्या घरचे चांगले ते त्यांनी मोकळ्या मनाने घेतले, वाईट ते वाईट म्हटले, आणि घेतलेले स्वतःसाठी न ठेविता ज्यांस कोणी शिकवीत नव्हते त्यांच्या हाती दिले. आपल्या गावातून जे कोणी शिकावयास बाहेर जातील, त्यांनीही अशीच शिदोरी घेऊन परत यावे, असे आम्हांस वाटते.