फाशी आणि थर्ड डिग्रीला विरोध करणारं पुस्तक लिहिलं, पण स्वतःचं नाव छापायची हिंमत झाली नाही : चेझारे बेक्कारिया

मार्च १७५७, पॅरिस. दामियाँ नावाच्या माणसाला भर चौकात आणलं गेलं. त्याने फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजावर खिशातल्या चाकूने वार केला होता. जखम किरकोळ होती, राजा वाचला. पण दामियाँचं मांस तापलेल्या चिमट्यांनी तोडलं, जखमांवर उकळतं तेल आणि वितळलेलं शिसं ओतलं, आणि मग हातापायांना घोडे बांधून चारी दिशांना ओढलं. घोड्यांनाही ते जमेना, तेव्हा सांधे कापून द्यावे लागले. बघायला तोबा गर्दी जमली होती.

हे काही चिडलेल्या जमावाचं काम नव्हतं. रीतसर खटला चालवून न्यायालयाने दिलेली शिक्षा होती ती.

त्या वेळी इटलीतल्या पाव्हियाच्या विद्यापीठात १९ वर्षांचा एक मुलगा कायदा शिकत होता. त्याचं नाव चेझारे बेक्कारिया. जन्म १५ मार्च १७३८ चा, गाव मिलान, घराणं सरदारांचं. शाळा पार्म्यात, जेझुइट पाद्र्यांची. बंडखोर म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. लाजाळू, आळशी, कधी एकदम उत्साहात तर कधी दिवसेंदिवस उदास. आयुष्यात पहिलं बंड केलं ते प्रेमासाठी. तेरेसा ब्लास्को नावाच्या मुलीशी लग्न करायचं म्हणाला, तर वडिलांनी त्याला घरातच नजरकैदेत ठेवलं. तरी १७६१ मध्ये त्याने तिच्याशीच लग्न केलं.

मिलानमध्ये पिएत्रो आणि अलेस्सांद्रो वेर्री हे दोन भाऊ त्याचे मित्र होते. त्यांच्या घरी तरुण पोरांचा अड्डा जमायचा. वाद एवढे पेटायचे की अड्ड्याचं नावच पडलं ठोशांची अकादमी. यातल्या अलेस्सांद्रोकडे एक सरकारी काम होतं, तुरुंगातल्या कैद्यांची बाजू बघायचं. आत काय चालतं हे त्याला रोज दिसत होतं. आरोपीला दोराने टांगून कबुली घेणं तेव्हा कायदेशीर होतं, आणि तेही गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी.

मिलानला त्याचा इतिहासही होता. १६३० च्या प्लेगमध्ये अफवा उठली की काही लोक भिंतींना विषारी मलम फासून रोग पसरवत आहेत. एक आरोग्य अधिकारी आणि जानजाकोमो मोरा नावाचा एक न्हावी पकडला गेला. छळ सहन होईना तेव्हा दोघांनी न केलेला गुन्हा कबूल केला, एकमेकांची नावं घेतली आणि हालहाल होऊन मेले. मोराचं घर पाडून तिथे त्याच्या बदनामीचा खांब उभारला. बेक्कारिया लहानाचा मोठा झाला तेव्हा तो खांब शहरात तसाच उभा होता.

वेर्री बंधूंनी विषय सुचवला, माहिती पुरवली आणि या आळशी मित्राला अक्षरशः मागे लागून लिहायला बसवलं. १७६४ मध्ये लिव्होर्नो शहरातून गुन्हे आणि शिक्षा यांवरचं ते छोटंसं पुस्तक निघालं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. बेक्कारिया तेव्हा २६ वर्षांचा होता.

आता पुस्तकात होतं काय? गुन्हेगारांची दया करा असं त्यात असेल असं वाटतं, पण मुद्दा वेगळाच होता. बेक्कारियाचा हिशेब रोखठोक होता. शिक्षा कशासाठी, तर पुढचा गुन्हा टळावा म्हणून. माणूस गुन्हा करायला धजतो तो शिक्षा सौम्य आहे म्हणून नाही, आपण सापडणार नाही या भरवशावर. म्हणून शिक्षा भयंकर असण्यापेक्षा ती नक्की होणं आणि लवकर होणं जास्त महत्त्वाचं. चोरी आणि खून दोन्हीला मरणच असेल, तर चोर साक्षीदाराला जिवंत का सोडेल?

छळाबद्दल तर त्याचा युक्तिवाद आजही खोडता येत नाही. मारहाण करून सत्य कळत नाही, सहनशक्ती कळते. दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध अडकतो. भारतात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला आरोपीला भाग पाडता येणार नाही, असं राज्यघटनेचं कलम २० सांगतं. अनेकांना हे गुन्हेगाराचे लाड वाटतात. मोरा न्हाव्याची गोष्ट वाचली की हे संरक्षण कुणासाठी आहे ते समजतं.

फाशीऐवजी बेक्कारियाने सुचवली आयुष्यभराची सक्तमजुरी. मरण क्षणाचं असतं, बेड्यांत राबणारा माणूस लोकांना वर्षानुवर्षं दिसतो, असं त्याचं म्हणणं. ही काही कोमल कल्पना नव्हे. देशात अराजक असताना एखाद्याचं नुसतं जिवंत असणंच धोक्याचं ठरत असेल, तर अपवाद म्हणून मृत्युदंडाची वाटही त्याने ठेवली होती.

पुस्तक धडाक्यात खपलं. फ्रेंच भाषांतर आलं, व्हॉल्तेअरने त्यावर भाष्य लिहिलं. १७६६ मध्ये चर्चने ते बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत टाकलं. पुढे कांटसारख्या तत्त्वज्ञाने त्याला फाजील भावनाप्रधान ठरवलं. खुन्याला मरण देणं हाच न्याय, असं कांटचं मत. त्या बाजूनेही वजनदार माणसं उभी होती, हे विसरून चालत नाही.

इकडे लेखकाची अवस्था बघा. पॅरिसने मोठ्या कौतुकाने बोलावलं, तर साहेबांना बायकोची आठवण येऊ लागली. सगळं अर्धवट टाकून गडी घरी परतला. यावरून वेर्री बंधूंशी कायमचं बिनसलं. रशियाच्या कॅथरीन राणीने बोलावलं, तिकडे गेलाच नाही. १७६८ मध्ये मिलानमध्ये अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, मग सरकारी नोकरीत वजनं-मापं, नाणी, धान्य असल्या कामांत रमला. १७७४ मध्ये तेरेसा वारली. ज्या बायकोसाठी पॅरिस सोडलं, तिच्या मागे काही महिन्यांतच त्याने दुसरं लग्न केलं. त्या तोडीचं पुस्तक मात्र पुन्हा लिहिलं नाही.

पण पुस्तक आपलं काम करत राहिलं. ३० नोव्हेंबर १७८६ रोजी टस्कनीने मृत्युदंड रद्द केला. हे पुस्तक ज्या लिव्होर्नोत छापलं गेलं, ते याच टस्कनीत. चार वर्षांनी काही गुन्ह्यांसाठी फाशी परत आली, ही दुसरी बाजू. १७९२ मध्ये मिलानच्या कायदे सुधारणा समितीत बेक्कारियाने पुन्हा फाशीविरुद्ध मत दिलं. या वेळी एक नवा मुद्दा होता : न्यायाधीश चुकतात, आणि ही चूक दुरुस्त करता येत नाही. समितीत तो अल्पमतात होता.

२८ नोव्हेंबर १७९४ ला तो वारला. फ्रान्समध्ये रोबेस्पियेरला गिलोटिनखाली जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. याच रोबेस्पियेरने १७९१ मध्ये संसदेत मृत्युदंड रद्द करा म्हणून भाषण केलं होतं.

मिलानचा तो बदनामीचा खांब १७७८ मध्ये पाडला गेला. मोरा न्हाव्याच्या खटल्यावर पुढे एक पुस्तक निघालं आणि कागदपत्रांच्या आधाराने न्यायाधीशांनाच जाब विचारला गेला. ते लिहिणारा अलेस्सांद्रो मांझोनी, इटलीचा थोर कादंबरीकार, बेक्कारियाच्या मुलीचा मुलगा होता.