ग्रहनक्षत्ररूपिणी जगदंबेचे उपासक श्रीभास्करराय

एकदा नवरात्रात लखनौच्या इंदिरानगरात एका मराठी कुटुंबात ललितासहस्रनामाच्या पाठास बसण्याचा योग आला. पाठ संपल्यावर घरच्या वृद्ध मातोश्रींनी एक शंका विचारली. नातवास साडेसाती लागली आहे. एका उपाध्यायांनी शनीची शांती सांगितली, दुसऱ्यांनी देवीचे पारायण सांगितले. तेव्हा शरण जावे ते शनीला की देवीला? शंका साधी दिसते. परंतु ज्या ज्या घरी पंचांग आणि पोथी एकाच फळीवर असतात, त्या प्रत्येक घरातील ती शंका आहे. तिचे उत्तर अठराव्या शतकातील एका महाराष्ट्रीय गृहस्थाने आपल्या ग्रंथांतून आणि आचरणातून देऊन ठेवले आहे. त्यांचे नाव श्रीभास्करराय मखी.

भास्कररायांचा जन्म सतराव्या शतकाच्या अखेरीस एका देशस्थ ब्राह्मण कुळात झाला. पिता गंभीरराय, माता कोनांबा. गंभीररायांनी विजापूरच्या राज्यकर्त्यासाठी महाभारत फारसीत उतरविले व त्यावरून त्यांना भारती ही पदवी मिळाली, अशी परंपरा आहे. मुलाची मुंज त्यांनी काशीक्षेत्री लावली. पुढे नृसिंहाध्वरी यांच्यापाशी शास्त्राध्ययन झाले, गंगाधर वाजपेयी यांच्यापाशी न्याय झाला. आणि अथर्ववेदाचे पठण क्षीण होत चालले आहे हे पाहून भास्कररायांनी तो वेद स्वतः शिकून इतरांस शिकविला. एवढी विद्वत्ता पुष्कळांच्या ठायी असते. तिला जो रंग चढला तो सुरतेस. तेथे शिवदत्त शुक्ल यांनी त्यांना श्रीविद्येचा पूर्णाभिषेक केला व भासुरानंदनाथ हे दीक्षानाम दिले. पत्नी आनंदी यांनाही दीक्षा मिळाली. घर सोडून, भार्येस मागे ठेवून देवी शोधण्यास ते निघाले नाहीत, ही गोष्ट गृहस्थाश्रमी वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

वरिवस्यारहस्य, ललितासहस्रनामावरील सौभाग्यभास्कर (१७२८) आणि सेतुबंध (१७३३) या त्यांच्या तीन ग्रंथांना श्रीविद्येची प्रस्थानत्रयी म्हणतात. घरोघरी वाचल्या जाणाऱ्या दुर्गासप्तशतीवरही त्यांची गुप्तवती नावाची टीका आहे. ती १७४० ची. सौभाग्यभास्कराचे बारा भाग पाडून त्यांनी त्यांना सूर्याच्या बारा कलांची नावे दिली. आपल्या नावातला भास्कर त्यांनी असा मातेच्या सेवेस लावला, हे कौतुकाचे आहे.

आमच्या शंकेचे उत्तर मात्र सेतुबंधात आहे. हा ग्रंथ नित्याषोडशिकार्णवावरील टीका होय. मूळ तंत्राच्या आरंभीच देवीला वंदन आहे ते गणेश, ग्रह, नक्षत्रे, योगिनी, राशी आणि पीठे या सहा रूपांनी. त्यावरून षोढान्यास नावाचा विधी सांगितला आहे. उपासक नऊ ग्रह, सत्तावीस नक्षत्रे व बारा राशी आकाशात न पाहता आपल्याच शरीरात एकेका स्थानी ठेवतो. सूर्य हृदयाच्या खाली, मंगळ नेत्रांत, गुरू कंठाशी, शनी नाभीशी. प्रत्येक ग्रहाबरोबर वर्णमालेतील एकेक वर्ग असतो : सूर्याचे स्वर, मंगळाचा कवर्ग, शुक्राचा चवर्ग, बुधाचा टवर्ग, गुरूचा तवर्ग, शनीचा पवर्ग, चंद्राची य-र-ल-व ही चार अक्षरे. आणि वर्णमाला म्हणजे मातृका, साक्षात् आई. तेव्हा ज्याची धास्ती वाटते तो शनी हा मातेच्या मुखातील पाच अक्षरांचा अधिपती ठरतो. तिच्याहून वेगळी अशी सत्ता त्याला उरत नाही.

तिथींचीही तीच गोष्ट. शुक्ल प्रतिपदेस कामेश्वरी, द्वितीयेस भगमालिनी, असे करीत पौर्णिमेस चित्रा, या पंधरा नित्या होत. कृष्णपक्षात हाच क्रम उलटतो. सोळावी स्वतः ललिता. चंद्र वाढो की घटो, ती सोळावी कला घटत नाही. न्यासविधी गुरुमुखातूनच घ्यावयाचा असतो, पुस्तक पाहून करावयाचा नव्हे. परंतु पंचांगात आजची तिथी पाहताना त्या तिथीच्या नित्येचे स्मरण करण्यास कोणाची आडकाठी आहे?

भास्कररायांनी पुष्कळ तीर्थाटन केले, ठिकठिकाणी वाद जिंकले, काशीत सोमयाग केला. अखेरीस गुरू गंगाधर वाजपेयी यांच्या सान्निध्यासाठी ते कावेरीतीरी गेले. तंजावरास तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. राजाने दिलेले अग्रहार गाव भास्करराजपुरम् या नावाने प्रसिद्ध झाले. आयुष्याचा शेवटचा काळ त्यांनी जवळच्या मध्यार्जुनक्षेत्री, म्हणजे तिरुविडैमरुदूर येथे घालविला.

तेथील एक आख्यायिका सांगतात. सायंकाळी ते ओसरीवर बसलेले असत. रस्त्याने एक संन्यासी जाई. भास्करराय उठत नसत, नमस्कार करीत नसत. संन्याशाने एके दिवशी मंदिरात सर्वांदेखत याचा जाब विचारला. भास्कररायांनी त्याचा दंड, कमंडलू व छाटी समोर ठेवावयास सांगितली आणि त्या वस्तूंना साष्टांग नमस्कार घातला. पाहता पाहता त्यांचे तुकडे झाले. महाषोढान्यासाने ज्याच्या देहात सर्व देवता वसल्या, त्याचा नमस्कार सोसणे कठीण, असा या कथेचा आशय. मला मात्र तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्या दिवसापासून संन्याशाच्या येण्याची वेळ झाली की भास्करराय ओसरीवरून उठून घरात जाऊन बसत. आश्रमधर्माचा अवमान आपल्याकडून दिसूही नये म्हणून.

शिष्य उमानंदनाथ हेही तंजावराकडील महाराष्ट्रीय. त्यांनी नित्योत्सव हा पूजापद्धतीचा ग्रंथ रचला आणि भास्करविलास या काव्यात गुरुचरित्र लिहून ठेवले. भास्कररायांच्या मागे आनंदीबाईंनी कावेरीकाठच्या त्या गावी पतीच्या नावे भास्करेश्वराचे मंदिर उभारल्याचे सांगतात.