विश्लेषण : सैनिकांसाठीची मदत सैनिकांपर्यंत पोहोचवायची कशी? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे विस्मृतीत गेलेले काम

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांची विचारपूस करणारी परिचारिका डोळ्यांसमोर येते. मात्र क्रिमियाच्या युद्धात त्यांचा बराच वेळ वेगळ्याच कामात जात होता. लोकांनी सैनिकांसाठी दिलेला पैसा आणि वस्तू नेमक्या गरजूला मिळतात का, हे पाहणे आणि त्याचा हिशेब ठेवणे हे ते काम. त्याविषयी...

युद्धापूर्वी नाइटिंगेल काय करत होत्या?

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. गणिताची त्यांना विशेष आवड होती. त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णसेवा हे घरंदाज मुलींचे काम मानले जात नव्हते, त्यामुळे घरून मोठा विरोध झाला. अखेर वडिलांनी वर्षाला ५०० पौंड देण्याचे मान्य केले आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील महिलांच्या एका रुग्णालयाचे व्यवस्थापन त्यांनी विनावेतन स्वीकारले. औषधांपासून कोळशापर्यंत कुठे किती खर्च होतो, हे तपासण्याची सवय त्यांना तिथेच लागली.

मदतनिधी कसा उभा राहिला?

मार्च १८५४ मध्ये ब्रिटनने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश फौजा क्रिमियात उतरल्या. जखमी आणि आजारी सैनिकांना जहाजाने काळा समुद्र ओलांडून कॉन्स्टँटिनोपलजवळच्या स्कुटारी येथे आणले जाई. तिथल्या हालअपेष्टांच्या बातम्या ऑक्टोबरमध्ये ‘द टाइम्स’मध्ये छापून आल्या आणि इंग्लंड हादरले. वृत्तपत्राने मदतनिधी उघडला. काही दिवसांतच हजारो पौंड जमा झाले. निधीचे काम पाहण्यासाठी जॉन मॅकडोनाल्ड यांना तुर्कस्तानला पाठवण्यात आले. दुसरीकडे, युद्ध खात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल ३८ महिलांसह निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला पोहोचल्या.

पैसा होता, मग अडचण कुठे होती?

मॅकडोनाल्ड यांना अधिकाऱ्यांकडून एकच उत्तर मिळाले. इथे सर्व काही आहे, कशाचीही गरज नाही. कमतरता कबूल करणे म्हणजे स्वतःवर ठपका ओढवून घेणे होते. या पैशांतून प्रॉटेस्टंट चर्च बांधावे, असे ब्रिटिश राजदूतांनी सुचवल्याचेही चरित्रकारांनी नोंदवले आहे.

प्रत्यक्षात सैनिकांच्या अंगावर सदरा नव्हता. याचे कारण नियमांत होते. सैनिकाने कपडे, चमचा, काटा आपल्या पाठपिशवीतून आणावे, रुग्णालय ते देणार नाही, असा नियम होता. पण क्रिमियात उतरताना पाठपिशव्या जहाजांवरच ठेवण्यात आल्या होत्या आणि अनेकांना त्या पुन्हा दिसल्याच नाहीत. नियमानुसार कमतरता नव्हती, तरीही माणूस थंडीत उघडा होता.

नाइटिंगेल यांनी काय बदलले?

त्यांनी आधी गरजांची यादी केली, मग मॅकडोनाल्ड यांच्याकडील निधीतून आणि स्वतःकडील पैशांतून कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात खरेदी केली. सदरे, मोजे, टॉवेल, साबण, ताटल्या, सुऱ्या-काटे असे साधे सामान त्यात होते. डिसेंबरमध्ये आणखी शेकडो रुग्ण येणार असल्याचे कळले, पण इमारतीचा एक भाग मोडकळीला आला होता आणि दुरुस्तीचे काम बंद पडले होते. नाइटिंगेल यांनी सुमारे २०० कामगार लावून तो राहण्याजोगा केला. हा खर्च पुढे युद्ध खात्याने भरून दिला.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. डॉक्टरने लेखी मागणी केल्याशिवाय कोठारातून वस्तू द्यायची नाही. यावरून त्यांच्यासोबतच्या काही महिलाही नाराज होत. पण जो समोर दिसला त्याला दिले, असे केले तर ज्याची गरज सर्वाधिक त्याच्यासाठी काही उरत नाही, हे नाइटिंगेल जाणून होत्या. शिवाय लेखी मागणीमुळे प्रत्येक वस्तूची नोंद राहत असे. राणी व्हिक्टोरियाने त्या डिसेंबरात पाठवलेल्या भेटवस्तूंचे वाटपही त्यांच्याकडेच सोपवण्यात आले.

सैनिकांच्या कुटुंबांचे काय?

फौजेबरोबर काही सैनिकांच्या बायका आणि मुलेही आली होती. स्कुटारीच्या बराकीतील तळघरांत ती अंधारात, ओलीत राहत होती. त्यांची जबाबदारी कोणत्याच खात्याकडे नव्हती. डिसेंबर १८५४ मध्ये लेडी ॲलिशिया ब्लॅकवूड मदतीसाठी आल्या, तेव्हा नाइटिंगेल यांनी त्यांना याच स्त्रियांकडे पाठवले. पुढे तिथे बाळंतिणींसाठी सोय झाली, मुलांची शाळा भरू लागली. रुग्णालयाच्या धुलाईघरात सैनिकांच्या बायकांना मजुरीचे कामही मिळाले.

पगार घरी पाठवण्याची व्यवस्था कशी झाली?

सैनिक पगार दारूत उडवतो, असा वरिष्ठांचा पक्का समज होता. नाइटिंगेल यांना कारण वेगळे दिसले. घरी पैसे पाठवण्याची लष्करी पद्धत होती, पण तिच्यावर सैनिकांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी ठरावीक दिवशी आपल्या खोलीत बसून सैनिकांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. ही रक्कम इंग्लंडमध्ये त्यांच्या नातेवाइकांमार्फत मनीऑर्डरने त्या त्या घरी जाई. महिन्याला सुमारे १,००० पौंड असे जाऊ लागले.

युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्युअर यांचा यावर विश्वास नव्हता. तरीही सरकारने अधिकृत मनीऑर्डर कार्यालये उघडली आणि सहा महिन्यांच्या आत ७१,००० पौंड सैनिकांच्या घरी पोहोचले.

देणग्यांमुळे प्राण वाचले का?

याचे उत्तर अवघड आहे. सदरे, अन्न आणि चादरी मिळूनही १८५५ च्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारीत हे प्रमाण दाखल रुग्णांच्या सुमारे ४२ टक्क्यांवर गेले. इमारतीखालची गटारे तुंबली होती आणि हवा कोंडली होती. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करून घेतली, खेळती हवा आणि पाण्याची व्यवस्था सुधारली. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. दानाने सैनिकाचे हाल कमी होतात, पण व्यवस्थेतला दोष दुरुस्त होत नाही, हा धडा नाइटिंगेल यांनी युद्धानंतर आकडेवारी तपासून स्वतःच काढला आणि उर्वरित आयुष्य त्यासाठी वेचले.

पुढे काय झाले?

ऑगस्ट १८५६ मध्ये त्या मायदेशी परतल्या. १८५७ मध्ये त्यांनी मिळालेल्या देणग्या आणि त्यांचे वाटप यांचा तपशीलवार हिशेब छापून प्रसिद्ध केला. त्यांच्या सन्मानार्थ जमलेल्या सुमारे ४५,००० पौंडांच्या निधीत सैनिकांनी एकेक दिवसाचा पगार देऊन सुमारे ९,००० पौंड घातले होते. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली.

भारतातील फौजेच्या आरोग्याविषयी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. त्या भारतात कधीच आल्या नाहीत, मात्र इथल्या छावण्यांकडून प्रश्नावलीद्वारे माहिती मागवत राहिल्या. पुढे गावांच्या स्वच्छतेबाबत पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ब्रिटनमध्ये सैनिकांच्या कुटुंबांसाठी १८८५ मध्ये जेम्स गिल्डिया यांनी स्थापन केलेली संघटना आजही कार्यरत आहे. तिचे स्वयंसेवक घरी जाऊन गरज समजून घेतात, ती पडताळतात आणि योग्य त्या निधीकडून मदत मिळवून देतात. गरज, पडताळणी, वाटप आणि नोंद या चार पायऱ्यांवर स्कुटारीच्या कोठाराचेही काम चालले होते.