स्टीनबर्गनच्या दफनभूमीतील दोन कबरी

नेदरलँड्समधील स्टीनबर्गन गावच्या कॅथलिक दफनभूमीत दोन परक्या वैमानिकांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. एक विंग कमांडर गाय गिब्सन यांची (नाव असेच आहे, हसू नये!) आणि दुसरी त्यांचे सोबती जिम वॉरविक यांची. नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो. या दोघांचे त्या गावात कोणीच नव्हते.

गिब्सन यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१८ रोजी आपल्या भारतात, सिमल्यास झाला. वडील वनखात्यात अधिकारी होते. लहानपणीच ते आईबरोबर इंग्लंडला गेले व पुढे हवाई दलात भरती झाले.

१६ मे १९४३ च्या रात्री त्यांच्या नेतृत्वाखाली १९ बॉम्बफेकी विमाने जर्मनीतील धरणे फोडण्यासाठी निघाली. मोहने धरणावर पहिला बॉम्ब गिब्सन यांनी टाकला. धरण फुटले नाही. तेव्हा मागून येणाऱ्या विमानांच्या बाजूने ते पुन्हा पुन्हा उडत राहिले, तोफांचा मारा आपल्यावर ओढून घेण्यासाठी. या धैर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा त्यांचे वय होते २४! मोहने आणि एडर ही दोन धरणे फुटली. पण १३३ जणांपैकी ५३ मरण पावले व तिघे कैद झाले. त्या सर्वांच्या घरी पत्रे पाठविण्याचे कामही गिब्सन यांच्याच वाट्याला आले.

धरणाखालच्या माणसांनाही विसरता येत नाही. पुरात सुमारे १,३०० जण बुडाले. त्यांत सक्तीने कामाला आणलेल्या परदेशी स्त्रिया पुष्कळ होत्या. त्यांचा या युद्धाशी काय संबंध होता?

नंतर गिब्सन यांना भाषणांसाठी अमेरिकेत पाठविले, टेबलावरचे काम दिले. त्यांचे मन रमेना. हट्टाने परवानगी मिळवून १९ सप्टेंबर १९४४ रोजी ते वॉरविकसह पुन्हा मोहिमेवर निघाले. परतताना त्यांचे विमान स्टीनबर्गनजवळ कोसळले. ते का पडले याबद्दल आजही एकमत नाही. देहांचे इतके तुकडे झाले होते की विमानात दोघे होते हेही आधी कळले नाही. मोज्यावरच्या धोब्याच्या चिठ्ठीवरून गिब्सन यांचे नाव समजले.

गाव तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते. गिब्सन तर कॅथलिकही नव्हते. तरीही गावाने दोघांना आपल्या दफनभूमीत जागा दिली.

गिब्सन यांचे स्वतःचे पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले, १९५५ साली त्या मोहिमेवर चित्रपट निघाला. वॉरविक यांचे नाव मात्र आपल्यापैकी कोणी ऐकले असेल असे वाटत नाही. स्टीनबर्गनमध्ये एका रस्त्याला गिब्सन यांचे नाव आहे आणि दुसऱ्याला वॉरविक यांचे.